दर महिन्याला एक पिशवी: वर्षभर न मोडणारं शिवणाचं चॅलेंज कसं आखायचं

जानेवारीत हौसेनं सुरू केलेलं शिवणाचं चॅलेंज मुलांच्या वार्षिक परीक्षा लागेपर्यंत बंद पडलेलं असतं. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यातही पहिल्या वर्षी तेच झालं. आम्ही शेजारपाजारच्या सात जणी. महिन्याला एक विषय, त्या विषयावर एक पिशवी, आणि शेवटच्या रविवारी कुणाच्या तरी घरी चहा. यात बिघडण्यासारखं काय आहे असं वाटतं, पण बिघडतं. दोष आळसाला दिला जातो, तो मला तरी पटत नाही. एक तर विषयच असा निवडलेला असतो की हाताला नवं काही शिकायला मिळत नाही. दुसरं म्हणजे सामान आणेपर्यंत पंधरा तारीख उजाडते. मग पिशवी घाईत होते, घाईत पट्ट्याला पीळ पडतो, आणि पुढच्या महिन्यात मशीनचा उपयोग इस्त्रीचे कपडे ठेवायला होतो.

खालचा क्रम आम्ही चुका करत करत बसवला आहे. सरळ टीप मारता येते, शिवण उसवता येते आणि घरात इस्त्री आहे, एवढं भांडवल पुरे. मशीन पायाची, काळी, फक्त सरळ टाका घालणारी असली तरी चालेल. माझी तशीच आहे.

## १. आधी कपाट उपसा

विषय ठरवण्याआधी घरात काय पडलंय ते बघा. सगळं कापड पलंगावर काढा आणि तीन ढीग करा: पातळ, मध्यम, जाड. रंगाप्रमाणे लावायचा मोह होईल. दिसतं छान, उपयोग शून्य. कोणती सुई, कोणतं अस्तर, फ्यूजिंग (कापड ताठ करायला मागून इस्त्रीनं चिकटवायचा थर) लागणार की नाही, हे सगळं जाडीवर ठरतं.

पातळ ढिगात ओटीत आलेले ब्लाउजपीस असणारच. आपल्या घरांत ते संपता संपत नाहीत, एकीकडून येतात आणि दुसरीकडे जातात. पिशवीच्या बाहेरच्या बाजूला ते तग धरत नाहीत, पण अस्तराला एकदम झकास. मध्यम ढिगात जुन्या चादरी, मांजरपाट, हलका कॅनव्हास. जाड ढिगात जीन्स, सोफ्याचं आणि पडद्याचं उरलेलं कापड. प्रत्येक तुकडा मोजा आणि लांबी-पन्हा (रुंदी) लिहिलेली चिठ्ठी त्याला टाचून ठेवा. हे एकदाच करायचं काम आहे. पुढचे बारा महिने 'एवढ्यात बसेल का' म्हणत तीच घडी पुन्हा पुन्हा उलगडावी लागत नाही.

चेन, रनर (चेन उघडमीट करणारी सरकती कडी), मॅग्नेट बटणं, डी-रिंग, निवार पट्टी हे सगळं एका डब्यात. फाटलेल्या जुन्या बॅगा टाकून देण्याआधी त्यांचे रनर आणि बकल काढून याच डब्यात जाऊ द्या.

तपासा: सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. जे आटायचंय ते आधीच आटू दे. बाहेरून कोरं आणि आतून धुतलेलं कापड लावलं तर पहिल्या धुण्यातच पिशवी चुणते. खण, इरकल किंवा गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं त्याचा कोपरा घासून बघा. फडक्यावर रंग उतरला तर त्या कापडाला फिकट अस्तर लावू नका.

## २. विषय ठरवताना विचारायचा एकच प्रश्न

'फुलांचा महिना', 'लाल रंगाचा महिना', 'सणासुदीची पिशवी'. असे विषय ऐकायला गोड असतात आणि दोन महिन्यांत कंटाळा आणतात. विषय सुचला की स्वतःला विचारा: आज मला जे येत नाही, त्यातलं काय मला महिन्याच्या शेवटी येत असेल? उत्तर एका वाक्यात देता आलं तर विषय घ्या, नाहीतर सोडा.

'चेनचा महिना' घेतला तर उत्तर आहे: चेनच्या दोन्ही टोकांना चुणी न पडता कप्पा शिवता येईल. 'जीन्सचा महिना': जाड जोडावरून सुई न मोडता टीप मारता येईल. 'लाल रंगाचा महिना': उत्तर नाही.

पहिल्या वर्षी आमच्यातली सगळ्यात लहान मला म्हणाली, "काकू, विषय सोपा ठेवा ना, सगळ्यांना जमेल असा." ठेवला. 'सणासुदीची पिशवी.' महिन्याअखेर सात पिशव्या आल्या, सातही मागच्या महिन्यासारख्याच चौकोनी, फक्त काठ बदललेले. पुढच्या रविवारी आल्या तिघीच. चहा मात्र सातजणींचा केला होता.

उलट टोकही टाळा. एका महिन्यात नवी गोष्ट एकच. चेन नवी असेल तर आकार, कापड, पट्टा सगळं सवयीचं ठेवा. चेनही नवी, फोमही नवा आणि वर गोल तळ, असं केलं की बिघडल्यावर नेमकं कशामुळे बिघडलं तेच कळत नाही.

सावध: पिशवीचा आकार विषयाइतकाच महत्त्वाचा. बेतण्यापासून शेवटच्या टिपेपर्यंत मिळून पाच-सहा तासांत होईल एवढीच वस्तू निवडा. नवी गोष्ट शिकायला सहा इंची चेनचं पाकीट पुरतं. प्रवासाची मोठी बॅग त्यासाठी लागत नाही.

## ३. वर्षभराचे विषय लिहा, पण पेन्सिलीनं

बारा विषय एका बैठकीत ठरवू नका. तीन महिन्यांचे पक्के करा आणि पुढचे नुसते नोंदवून ठेवा, कारण तिसऱ्या महिन्यात आपलं कच्चं नेमकं काय आहे ते उघडं पडतं. आमच्या गटात सगळ्यांचं अडायचं ते कोपऱ्यात. ते कळलं तेव्हा एप्रिल उजाडला होता.

विषय ऋतू आणि घरातल्या कामांच्या कलानं बसवा. जानेवारीत संक्रांत येते, तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं असतात, वाण लागतंच. म्हणून जानेवारीला आम्ही एकच नाडीचा बटवा अकरा वेळा शिवतो. इथे शिकायची गोष्ट म्हणजे एकसारखेपणा. अकराही बटवे एकदम बेतायचे, मग अकरांच्या बाजू, मग अकरांचे नेफे (नाडी ओवायची दुमड). एकाची बाजू संपली की दोरा तोडायचा नाही, दोन-तीन टाके रिकामे जाऊ द्यायचे आणि पुढचा तुकडा सरकवायचा. मशीनमागे बटव्यांची माळ लोंबते, ती शेवटी कात्रीनं सुटी करायची. पहिल्या बटव्याची टीप आणि अकराव्याची टीप शेजारी ठेवून बघा. वर्षभर मन लागायला मला तरी याहून मोठं काही लागलं नाही. संक्रांत साधारण १४ जानेवारीला येते, तेव्हा बेतणं डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच उरका.

फेब्रुवारीला जीन्स. मार्चमध्ये परीक्षा आणि ऑफिसचं वर्षअखेर, म्हणून छोटंसं चेनचं पाकीट. एप्रिलला खण किंवा इरकल, म्हणजे पातळ कापडाला मागून फ्यूजिंग देऊन उभं करणं. मे महिन्यात निम्म्या जणी गावी जातात, मशीन ठाण्यात राहते. म्हणून मे 'मशीनशिवाय': गोधडीसारखा धावदोरा घालून हातानं शिवलेली चंची. गाडीत बसूनसुद्धा होते.

जूनचा विषय पाणी, आणि इथे जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त सामान याच महिन्यात फुकट जातं. पाणी आत येऊ नये म्हणून लेप दिलेल्या कापडाला टाचणी लावली की भोक कायमचं. टाचणीऐवजी कागदाच्या क्लिपा किंवा कपड्यांचे छोटे चिमटे वापरा. टाका मोठा ठेवा, साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाक्यांनी अशा कापडात भोकांची रांग पडते आणि ते टपाल तिकिटासारखं त्या रांगेवरून फाटतं. माझी पहिली छत्रीची पिशवी अशीच ठाणे स्टेशनच्या पुलावर ऐन गर्दीत तळाशी फाटली आणि ओली छत्री पुढच्या बाईंच्या पायावर पडली. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही. मशीनच्या पायाला लेप चिकटून कापड पुढे सरकत नसेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यासकट टीप मारा, नंतर कागद ओढून फाडून टाका. लेपाच्या बाजूवर इस्त्री कधीच नाही. आणि टिपेच्या भोकांतून पाणी झिरपतंच, तेव्हा आतून जोडावर पट्टी लावून तो झाका किंवा पिशवीच अशी बेता की तळाला जोड येणार नाही.

जुलैला खिसे. गणपती ज्या महिन्यात असतील, मग तो ऑगस्ट असो की सप्टेंबर, तो महिना मुद्दाम कोरा सोडा. त्या महिन्यात नवा विषय नाही, दुरुस्ती: कुणाच्या दप्तराचा रनर, कुणाच्या पर्सचा उसवलेला पट्टा. कोरा महिना आधीच लिहिलेला असला की तो 'चुकला' असं मनाला लागत नाही. ऑक्टोबरला कातरण, म्हणजे उरलेल्या तुकड्यांतून जोडकाम. नोव्हेंबरला स्वतः आखलेला नवा आकार. आणि डिसेंबरला वर्षातली सगळ्यात वाईट झालेली पिशवी पुन्हा पहिल्यापासून शिवायची. हा माझा आवडता महिना.

## ४. सामान आधीच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत घरात

महिन्याची सुरुवात १ तारखेला होत नाही, २५ ला होते. २५ तारखेला पुढच्या विषयाची यादी काढा, घरातल्या चिठ्ठ्यांशी ताडून बघा, आणि जे नाहीच तेवढंच विकत घ्या.

मांजरपाट, दोरे, सुया, अस्तर, साधी चेन यांसाठी ठाण्यातला जांभळी नाका आणि आसपासची दुकानं पुरतात. त्यासाठी मुंबईला जाऊ नका, अर्धा दिवस जातो आणि येताना नको तेच चार मीटर कापड येतं. तीन महिन्यांचं मिळून एकदा मात्र मंगळदास मार्केट, क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि लेस-बटणांसाठी भुलेश्वर अशी फेरी करावी. रविवारी मंगळदास बंद असतं, नोकरी करणाऱ्यांनी शनिवार धरावा. या बाजारांजवळच्या मस्जिद स्टेशनला उतरायचं असेल तर ठाण्याहून स्लो गाडी घ्या. फास्ट तिथे थांबत नाही, सीएसएमटीला उतरून चालत मागे यावं लागतं.

मधल्या आकाराच्या एका पिशवीचा हिशेब देते. बाहेरचे दोन तुकडे प्रत्येकी १६ इंच रुंद आणि १७ इंच उंच. ४४ इंची पन्ह्याचं अर्धा मीटर कापड घेतलं तर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसतात आणि बाजूला १२ इंचांची पट्टी उरते, ती खिशाला. अस्तरालाही अर्धा मीटर. पण याच अर्ध्या मीटरमधून एकसंध लांब पट्टे निघत नाहीत. इथे बहुतेकींचा हिशेब चुकतो, मग पट्ट्याला मध्येच जोड द्यावा लागतो. त्यापेक्षा दीड मीटर निवार पट्टी घ्या, २६ इंचांचे दोन पट्टे होऊन थोडी उरेल. कापडाचाच पट्टा हवा असेल तर एक इंची पट्ट्याला चार इंच रुंद कापड लागतं, कारण ते चौपदरी दुमडतं.

चेन मीटरवर घेताना मोठ्या पिशवीला ५ नंबर, छोट्या पाकिटाला ३ नंबर. रनर त्याच नंबरचा हवा, दुसऱ्या नंबरचा ओवला तरी चेन धरत नाही. घरातल्या चेनला रनर घ्यायचा असेल तर तिचा दोन इंचाचा तुकडा पर्समध्ये घालून न्या.

तपासा: 'प्युअर कॉटन' म्हणून एका दुकानातून आणलेलं अस्तर माझ्या इस्त्रीला चिकटून बसलं होतं. तेव्हापासून मी घरी आल्या आल्या कडेचा एक धागा काढून पेटवून बघते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी धरतो. मणी धरला तर फ्यूजिंगची इस्त्री कमी तापवायची.

## ५. चार आठवडे, चार कामं

पहिला आठवडा: आखणं आणि बेतणं. शिवण्याला या आठवड्यात हातही लावायचा नाही. जुन्या वर्तमानपत्रावर पूर्ण मापाचा कागद काढा आणि त्यावर माया (टिपेबाहेर कडेला सोडलेलं जादा कापड) धरलेली आहे की नाही ते ठळक लिहा. 'माया अर्धा इंच धरून' किंवा 'माया सोडून'. हे न लिहिलेला कागद तीन महिन्यांनी काढला की पिशवी एक इंचानं लहान होते. कापडाचा उभा धागा पिशवीच्या उंचीला येऊ द्या. पट्टे तर उभ्या धाग्यावरच, आडवे कापले तर ओझ्यानं लांबतात. बेतलेले सगळे तुकडे, चेन, दोरा आणि त्या विषयासाठीची नवी सुई एका डब्यात एकत्र ठेवा. श्रीखंडाचा मोठा डबा उत्तम.

दुसरा आठवडा: फक्त नव्या गोष्टीचा नमुना. मांजरपाटाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर तेवढीच एक गोष्ट करायची. चेनचा महिना असेल तर फक्त चेन, पिशवी नाही. नमुना दोनदा उसवायला लागला तरी खुशाल उसवा, मांजरपाट त्यासाठीच असतो. हा आठवडा गाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, आणि खणाचं कापड वाया जातं ते इथेच.

तिसरा आठवडा: शिवण. दोन बैठका, प्रत्येकी दोन तासांच्या आत. मशीनवरून उठताना पुढच्या टिपेच्या टाचण्या लावून ठेवा. परत बसल्यावर काय करायचं याचा विचार करावा लागला तर आपण बसतच नाही, निदान मी तरी.

चौथा आठवडा: शेवटचा हात आणि वापर. उरलेले दोरे, इस्त्री, बटण. त्यानंतर किमान तीन दिवस पिशवी घेऊन घराबाहेर पडा. भाजीला न्या, लोकलमध्ये न्या.

सावध: प्रत्येक विषयाला नवी सुई. सुती कापड आणि अस्तराला १४ नंबर, कॅनव्हास आणि जीन्सला १६, पट्ट्याच्या चार-चार पदरांना १८. बोथट सुईमुळे टाके सुटतात आणि लोक मशीनच्या ताणाच्या स्क्रूशी झटत बसतात. आधी सुई बदलून बघा.

## ६. शिवण्याचा क्रम, जो कधीही उलटा करायचा नाही

महिना कोणताही असो, अस्तर लावलेल्या पिशवीचा क्रम हाच. बाजू आधी शिवून टाकल्या आणि मग खिसा आठवला, ही आमच्या गटातली सगळ्यात जुनी चूक आहे.

१. फ्यूजिंग. इस्त्री दाबायची, फिरवायची नाही. एका जागी दहा-पंधरा सेकंद, उचलायची, शेजारी ठेवायची. पूर्ण गार होईपर्यंत तुकडा हलवू नका.

२. खिसे आणि मॅग्नेट बटण, सपाट तुकड्यांवर. बटणाच्या पाठीमागे जाड कापडाचा किंवा बकरमचा छोटा चौकोन लावा, नाहीतर उघडमीट करता करता अस्तर फाटतं.

३. पट्टे बाहेरच्या तुकड्यांना. दोन्ही टोकं कडेपासून सारख्या अंतरावर, आणि पट्ट्याला पीळ नाही हे त्यावरून हात फिरवून बघायचं. बाहेरून शिवायच्या पट्ट्याला चौकोनी टीप आणि मध्ये फुली. नायलॉनच्या निवार पट्टीचं टोक पेटत्या काडीनं जरा वितळवून घ्या, सुती असेल तर दुमडून शिवा.

४. चेन असेल तर ती आता. धातूच्या दातांवरून मशीनची सुई नेऊ नका. तिथे हाताने टाके घाला.

५. बाजू आणि तळ, बाहेरचं आणि अस्तर वेगवेगळं. अस्तराच्या तळाला पाच-सहा इंच जागा न शिवता सोडा, पिशवी त्यातूनच सुलट करायची आहे. अस्तराच्या बाजूंना माया किंचित जास्त घ्या, म्हणजे ते आत लोंबणार नाही.

६. तळाचे कोपरे. आमचं एप्रिलपर्यंत अडलं होतं ते इथे. बेततानाच कोपऱ्यात २ इंचाचा चौकोन कापला की माया जाऊन तळ ३ इंचच रुंद होईल असं वाटतं. होत नाही. चौकोन कापडाच्या कडेपासून मोजलेला आहे आणि त्यातला अर्धा इंच बाजूच्या मायेत जातो हे खरं. पण कोपरा आडवा शिवताना टीप कडेपासून अर्धा इंच आत पडते आणि तेवढं परत मिळतं, तळ पूर्ण ४ इंच. चार इंची तळ हवा असेल तर सगळीकडे माया सारखी ठेवा आणि चौकोन कापडाच्या कडेपासून २ इंचाचाच कापा. कोपरा उघडून बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बरोबर आणताना डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, दोन बोटांनी चाचपा. दोन्हीकडची माया विरुद्ध बाजूंना वळवली की दोन उंचवटे एकमेकांना अडतात, खाच लागते. ती लागली की तिथेच टाचणी.

७. बाहेरची पिशवी सुलट, अस्तर उलटं. सुलटी पिशवी अस्तरात घाला, बाजूच्या शिवणी जुळवा, वरची कड गोल शिवा.

८. सोडलेल्या जागेतून पिशवी बाहेर काढा, जागा बंद करा, वरच्या कडेला इस्त्री करून बाहेरून एक टीप. या टिपेचा टाका तीन मिलिमीटरच्या आसपास ठेवा, बारीक टाका जाड कडेवर आखडलेला दिसतो.

तपासा, पायरी ५ च्या आधी: चेन अर्धी उघडी आहे का? चेन पूर्ण बंद असताना चारही बाजू शिवल्या तर पाकीट आतून बाहेर काढायला वाटच उरत नाही. आमच्यातली एक जण तेव्हा कापडावरून रनर चिमटीत धरून एकेक दात उघडत बसली होती, चहा दोनदा गरम केला. शेवटी शिवण उसवावीच लागली.

जीन्सचा जाड जोड आला की मशीनचा पाय पुढून वर उचलला जातो, मागे रिकामा राहतो आणि टाके एकाच जागी घोटाळतात. पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची जीन्सची घडी सरकवा, पाय सपाट होतो. जोड आधी हातोडीनं ठोकून घेतला तर अजून बरं. दुपारी ठोका, खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

## ७. शेवटचा रविवार

गटात करत असाल तर पाच ते सात जणी पुरे. नियम एकच ठेवा: जे झालंय ते आणायचं, अर्धवट असलं तरी. नुसता बेतलेला कागद आणला तरी ती आली असं धरायचं. अर्धवट वस्तू आणायला लाज वाटली की माणूस येणंच बंद करतो.

बक्षीस ठेवू नका. आम्ही एक वर्ष नंबर काढले. दर महिन्याला हात बसलेल्या त्याच दोघी पहिल्या आल्या आणि ज्यांना शिकायची खरी गरज होती त्या गळल्या. त्याऐवजी आता पिशव्यांची अदलाबदल करतो. तुझी पिशवी एक आठवडा मी वापरणार, माझी तू. दुसऱ्याच्या खांद्यावर पट्टा रुततो की नाही हे आपल्याला आपल्या खांद्यावर कधीच कळत नाही.

एकटीनं करत असाल तर जिच्यासाठी पिशवी शिवता तिला महिन्याच्या सुरुवातीलाच सांगून टाका. बहिणीनं फोनवर "ताई, माझी डब्याची पिशवी कुठवर आली?" विचारलं की मशीन आपोआप उघडतं.

एका वहीत महिन्याला एकच पान. वर बाहेरच्या कापडाचा आणि अस्तराचा इंचभर तुकडा चिकटवा. खाली माप, सुईचा नंबर, एकूण लागलेले तास, आणि 'पुन्हा केली तर काय बदलेन' याचं एक वाक्य. माझ्या जूनच्या पानावर फक्त 'टाचणी नको' लिहिलेलं आहे. डिसेंबरची पिशवी याच वाक्यांतून निवडायची असते.

## ८. महिना हुकला तर

आजारपण, पाहुणे, लग्नसराई. हुकेलच. हुकलेला महिना पुढच्या महिन्यात ढकलू नका. मार्चचं पाकीट एप्रिलच्या खणावर चढवलं की मेपर्यंत दोन्ही अर्धवट राहतात. बेतलेला डबा झाकण लावून गणपतीच्या कोऱ्या महिन्यासाठी ठेवा आणि १ तारखेला नवा विषय नव्यानं सुरू करा. सलग दोन महिने हुकले तर तिसरा विषय बदला आणि त्या महिन्यात जानेवारीचा बटवा घ्या. तो एका संध्याकाळी होतो, हात पुन्हा सुरू होतो.

सावध: पावसाळ्यात महिनाभर मशीन उघडलं नाही तर सुईच्या पट्टीखालचा धुरळा ओल धरतो आणि शटलला (खालच्या दोऱ्याची रिळ बसते त्या भागाला) गंज चढतो. विषय झाला असो वा नसो, २५ तारखेला पट्टी काढून ब्रशनं धुरळा झाडा, मशीनच्या तेलाचा एकेक थेंब मशीनच्या तेल घालायच्या छिद्रांत सोडा, आणि दोरा न ओवता दोन मिनिटं चालवा. मग दोरा ओवून कातरणीच्या तुकड्यावर हातभर टीप मारा. तेलाचा डाग उमटायचा थांबला की मगच पुढच्या महिन्याचं कापड मशीनखाली घाला.